बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला फायफॉक्स ॲप वापरलं, दोन वर्षांचा अनुभव

फायफॉक्स म्हणजे फोनमधल्या सेन्सरने फिजिक्सचे प्रयोग करायचं फुकट ॲप. त्याचं रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच, पण त्यात ॲपपेक्षा पोरांच्या हातातल्या फोनांचा वाटा जास्त आहे. आणि हा रिव्ह्यू मुख्यतः कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय, विशेषतः ज्यांना वाटतं की आपल्याला वर्गात काहीतरी वेगळं करायचंय पण लॅबला पैसा नाही, टाइमटेबलमध्ये जागा नाही आणि सिलॅबस डोक्यावर बसलाय. मी पण त्यातलीच.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवते. लॅब जुनी आहे पण आमच्या मामांनी, म्हणजे लॅब अटेंडंटनी, ती जिवापाड जपलीय, स्पेक्ट्रोमीटर अजून चालतात, ट्यूनिंग फोर्कचा डबा पूर्ण आहे. अडचण सामानाची नव्हतीच. अडचण ही होती की पोरं प्रॅक्टिकलला यायची, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, उत्तर बरोबर यायचं आणि कुणालाच काही कळलेलं नसायचं. रेझोनन्स ट्यूबने ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग घ्या, वीसच्या वीस जर्नलमध्ये सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, एकाचंही ३२५ नाही की ३६० नाही, आणि मी सही करायचे. कारण वीस जर्नल, दोन तास, आणि बाहेर पुढची बॅच उभी.

या काळात इनोव्हेटिव्ह टीचिंगवरची वर्कशॉप, वेबिनार, एफडीपी (शिक्षकांचे प्रशिक्षण कार्यक्रम) मी भरपूर केली. सर्टिफिकेटची फाइल जाड आहे. त्यातली काही चांगली होती, नाही असं नाही, पण बहुतेक ठिकाणी 'शिक्षकाने नावीन्यपूर्ण असायला हवं' हे मला दोन-दोन तास सांगितलं गेलं आणि सोमवारी सकाळी साडेआठच्या बॅचला मी नेमकं काय करू हे कुणी सांगितलं नाही. नवीन करायची इच्छा नसते असं नाहीच ओ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, ते कागदावर बरं दिसतं, पण त्याच्यावर ॲडमिशन, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली, एनएसएस, निवडणुकीची ड्युटी. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांचं तर विचारूच नका, तासावर पैसे आणि तयारीचा तास कुणी मोजत नाही. अशा माणसाला जर एखादी नवी गोष्ट करून बघायला आधी तीन कोटेशन, मग कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, मग परचेस कमिटी, मग मार्च एंडची वाट, एवढं सगळं लागणार असेल तर ती गोष्ट डोक्यातच मरते. माझ्या डोक्यात अशा कितीतरी मेल्यात.

म्हणून फायफॉक्सबद्दल मी एवढं भरभरून बोलतेय. हे ॲप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात, म्हणजे आरडब्ल्यूटीएच आखेनमध्ये, तिथल्या फिजिक्सवाल्यांनी बनवलंय, २०१६ पासून उपलब्ध आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. करतं काय तर आपल्या फोनमध्ये जे सेन्सर आधीपासून बसवलेले असतात, ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा), जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा), मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा), माइक, लाइट सेन्सर, काही फोनमध्ये बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा), त्यांचं कच्चं रीडिंग थेट ग्राफमध्ये दाखवतं आणि एक्सेलमध्ये काढून देतं. आपण फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ना, ते ज्या सेन्सरमुळे होतं त्याच सेन्सरने गुरुत्वीय त्वरण मोजता येतं. टेबलावर फोन ठेवला की ॲप ९.८ च्या जवळपास आकडा दाखवतं. पहिल्या दिवशी पोरांना एवढंच दाखवलं होतं आणि वर्गात जो आवाज झाला तो मी विसरणार नाही, कारण दोन-तीन वर्षं तो फोन त्यांच्या खिशातच होता.

पहिला प्रयोग मी ध्वनीच्या वेगाचाच घेतला, मुद्दाम, कारण तीच जखम होती. ॲपमध्ये अकूस्टिक स्टॉपवॉच आहे, पहिला मोठा आवाज झाला की घड्याळ सुरू, दुसरा आवाज झाला की बंद. दोन फोन घ्यायचे, आमच्या व्हरांड्यात टेपने मोजून २० मीटर अंतरावर ठेवायचे. या टोकाच्या पोरीने टाळी वाजवायची, तिचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा फोन आवाज तिथे पोचल्यावर सुरू होतो. मग त्या टोकाच्या पोराने टाळी वाजवायची, त्याचा फोन लगेच बंद, हिचा उशिरा बंद. दोन्ही फोनवरच्या वेळेतला फरक म्हणजे आवाजाला ते अंतर दोनदा कापायला लागलेला वेळ. ४० मीटर भागिले तो फरक, झाला वेग. दोन टाळ्यांमध्ये किती वेळ गेला याला काही महत्त्व नाही, आणि हे का, यावर आमची वीस मिनिटं चर्चा झाली आणि ती वीस मिनिटं माझ्या मते त्या सत्रातली सगळ्यात मोलाची होती. एका ग्रुपला फरक ०.११५ सेकंद आला, म्हणजे ३४८ च्या आसपास. लगेच एक जण म्हणाला मॅडम चुकलं, ३४० यायला पाहिजे. मी म्हटलं बाहेरचं तापमान बघ. २८ अंश होतं. शून्य अंशाला वेग ३३१, पुढे दर अंशाला ०.६ ने वाढतो, करून बघ म्हटलं, केलं, ३४८. तो पोरगा दोन मिनिटं नुसता वहीकडे बघत बसला.

आणि बाकीच्या ग्रुपचं? एकाला ३१० आलं, एकाला ३९०, एकाला चक्क ७०० च्या वर. आधी मला घाम फुटला. पण मग तेच खरं प्रॅक्टिकल झालं. ७०० वाल्यांचा फोन दुसऱ्या ग्रुपच्या टाळीला बंद होत होता. ३९० वाल्यांनी टेप सैल धरली होती आणि शिवाय फोन टाळी वाजवणाऱ्यापासून मीटरभर लांब ठेवला होता. चार ग्रुपचे चार वेगळे आकडे फळ्यावर लिहिले आणि कुणाचं का चुकलं हे त्यांनीच शोधलं. इतक्या वर्षांत एरर ॲनालिसिस मी फळ्यावर शिकवत आले, ते पोरांनी पहिल्यांदा स्वतः केलं, कारण यावेळी उतरवायला मागच्या वर्षीचं जर्नलच नव्हतं.

आता वापरायला कसं आहे ते. मेनू सरळ आहे, प्रत्येक प्रयोगासोबत माहिती आणि व्हिडिओची लिंक आहे. मी इंग्रजीत वापरलं, आमच्या पोरांना शब्द अडले तिथे मराठीत समजावलं. टाइम्ड रन म्हणून एक सोय आहे, म्हणजे स्टार्ट दाबल्यावर अमुक सेकंदांनी मोजायला सुरुवात कर आणि अमुक सेकंद मोज, ही सोय आधी समजून घ्या कारण फोन जेव्हा पिशवीत लटकलेला असतो तेव्हा बटण दाबायला हात घालता येत नाही. मला हे दुसऱ्या आठवड्यात कळलं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रिमोट ॲक्सेस. ती चालू केली की फोनवर एक पत्ता दिसतो, तो लॅपटॉपच्या ब्राउजरमध्ये टाकला की फोनवरचा ग्राफ लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला की अख्ख्या वर्गासमोर. फोन इकडे झोके घेतोय आणि भिंतीवर त्याचा साइन वेव्ह उमटतोय. मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवून वर बघितलं हे मी स्वतः पाहिलंय. फक्त एक सूचना, फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर लागतात, आणि बऱ्याच कॉलेजांच्या वायफायमध्ये एका डिव्हाइसला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते, तिथे हे जोडलंच जात नाही. अर्धा तास वाया घालवू नका, सरळ एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्यावर दोन्ही घ्या. इंटरनेटचा डेटा लागत नाही, नुसतं एकमेकांना जोडण्यापुरतं नेटवर्क लागतं.

पेंड्युलमचा प्रयोग आम्ही बाजाराच्या कापडी पिशवीत फोन ठेवून केला. ॲप जायरोस्कोप वापरून दोलनकाल काढून देतं, लांबी टाकली की g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढून देतं. मीटरभर लांबी असेल तर दोलनकाल दोन सेकंदांच्या आसपास येतो. पण लांबी कुठपर्यंत मोजायची? दोरीच्या गाठीपर्यंत, पिशवीच्या तळापर्यंत, की फोनच्या मध्यापर्यंत? पितळी गोळ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही कारण मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. इथे विचारावा लागला. बाकी फोन पडला तर काय ही भीती रास्त आहे, आमच्याकडे एकदा गाठ सुटली, खाली मामांनी जुनी गादी टाकून ठेवली होती म्हणून निभावलं. गादी टाका.

केंद्रगामी त्वरणाचा प्रयोग आमच्या एचओडी (विभागप्रमुख) सरांच्या फिरत्या खुर्चीवर झाला. खुर्चीवर फळी आडवी बांधली, फळीच्या टोकाला मध्यापासून ४० सेंटीमीटरवर फोन पक्का बांधला, खुर्ची फिरवली. ॲप त्वरण विरुद्ध कोनीय वेगाचा वर्ग असा ग्राफ काढतं, सरळ रेषा येते आणि तिचा चढ म्हणजे त्रिज्या. चढ ०.३८ आला. दोन सेंटीमीटर कुठे गेले? पोरांनी परत मोजलं, फळी बरोबर होती, फोनचा मध्य बरोबर ४० वर होता. मग एका पोरीच्या लक्षात आलं की सेन्सर काय फोनच्या बरोबर मध्यावर नसणार, तो आतल्या सर्किटवर कुठेतरी बाजूला असणार. फोन उलटा फिरवून बांधला तर चढ दुसऱ्या बाजूला सरकला. म्हणजे फोन न उघडता त्यांनी आतला सेन्सर कुठे बसलाय ते शोधून काढलं! हे मी शिकवलं नव्हतं, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

एचओडी सरांनी खुर्ची दिली हे मी उगाच सांगत नाहीये. ॲप फुकट आहे पण ते वर्गात आणायला आजूबाजूची माणसं लागतात. पहिल्याच आठवड्यात मी सरांना म्हटलं होतं की सर, एखादं प्रॅक्टिकल बिघडलं तर? ते म्हणाले, "बिघडू दे, पुढच्या आठवड्यात परत कर, जर्नलचं मी बघतो." एवढं एक वाक्य मला सगळ्या वर्कशॉपपेक्षा जास्त उपयोगी पडलं. दुसरं म्हणजे केमिस्ट्रीच्या एक मॅडम, त्यांचा तास नसताना त्या माझ्या बॅचला येऊन मागे बसायच्या. इन्स्पेक्शनसाठी नव्हे, नुसतं बघायला. संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना सांगायच्या, तू प्रश्न विचारलास आणि तीन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलंस, थांबत जा. मी थांबायला शिकले ते त्यांच्यामुळे. आता मी त्यांच्या लॅबला जाऊन बसते, त्या लाइट सेन्सर वापरून रंगीत द्रावणातून किती प्रकाश पार होतो ते मोजतात, एका बाजूला टॉर्च, मध्ये काचेचा ग्लास, पलीकडे फोन. कलरीमीटरची जागा घेणार नाही, पण द्रावण जसं दाट होतं तसा प्रकाश कसा घटत जातो ते पोरांना डोळ्यांसमोर दिसतं.

लाइट सेन्सरवरून आठवलं, हे आयफोनवर चालत नाही, तिथे ॲपना त्या सेन्सरचं रीडिंग घेता येत नाही. आमच्याकडे आयफोनवाली पोरं फार नाहीत त्यामुळे अडलं नाही. पण अँड्रॉइडमध्येही सगळे फोन सारखे नसतात, हाच तो अर्धा स्टार. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये जायरोस्कोप नसतो, मग पेंड्युलम आणि खुर्ची दोन्ही गेले. बॅरोमीटर तर आमच्या २२ जणांच्या बॅचमध्ये फक्त दोन फोनमध्ये निघाला. कुठल्या फोनवर ॲक्सेलरोमीटरची सेकंदाला १०० रीडिंग मिळतात, कुठल्यावर ४००. फोनमध्ये जो सेन्सर नाही त्याचा प्रयोग ॲप मेनूत पुसट दाखवतं, ही सोय चांगली आहे, आधीच कळतं. तर पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन तपासून एक यादी करून ठेवा, कुणाच्या फोनमध्ये काय आहे, आणि त्या यादीवरून ग्रुप पाडा.

हे ग्रुप पाडणं वाटतं तेवढं साधं नाही. माझ्या बॅचमध्ये एक मुलगी होती, घरात एकच फोन, तो वडील कामावर नेतात. पहिल्या दिवशी "सगळ्यांनी फोन काढा" असं मी म्हटलं आणि ती खाली बघत बसली. तो क्षण मला अजून टोचतो. त्यानंतर मी कधीच सगळ्यांनी फोन काढा म्हणत नाही, चौघांच्या ग्रुपला एक फोन एवढंच सांगते, आणि स्टाफमधल्या दोघांनी घरात पडून असलेले जुने फोन डिपार्टमेंटला दिले, सिम नसलेले, ते आता लॅबच्या कपाटात व्हर्नियर कॅलिपरशेजारी असतात आणि मामा त्यांची नोंद ठेवतात. तीच मुलगी पुढे आमच्या सगळ्यांत चांगली ग्राफ वाचणारी झाली. शिक्षकांनी नवं तंत्रज्ञान आणताना ही गोष्ट आधी बघावी असं मला मनापासून वाटतं, नाहीतर आपलं नावीन्य ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यापुरतंच राहतं.

बॅरोमीटरचा एक अनुभव सांगायलाच हवा. कॉलेजात लिफ्ट नाही, त्यामुळे ॲपमधला लिफ्टचा प्रयोग करता येईना. दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगी वाईहून पाचगणीला मावशीकडे निघाली होती, तिच्या फोनमध्ये बॅरोमीटर होता. एसटीत बसल्यावर तिने ॲप चालू केलं आणि पसरणी घाट संपेपर्यंत चालू ठेवलं. साठच्या आसपास हेक्टोपास्कलने दाब उतरला होता. सुट्टीनंतर तो ग्राफ तिने वर्गात लावला, घाटातलं प्रत्येक वळण दिसत नव्हतं पण चढ कुठे तीव्र आहे आणि गाडी कुठे थांबली ते दिसत होतं. त्यावरून आम्ही उंचीतला फरक काढला, साडेपाचशे-सहाशे मीटर आला, नकाशाशी ताडून बघितला, जुळला. गृहपाठ दिला नव्हता. तिने स्वतःहून केलं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ॲपमध्ये ऑडिओ स्पेक्ट्रम आहे, माइकवर आलेल्या आवाजात कुठल्या कुठल्या फ्रीक्वेन्सी आहेत ते शिखरांच्या रूपात दाखवतं. ट्यूनिंग फोर्कचं एकच शिखर येतं, ते दाखवून झालं. मग मी म्हटलं ज्याला जे वाजवता येतं ते पुढच्या आठवड्यात आणा. एकाने तबला आणला, एकाने हलगी. हलगीवाला पोरगा तोवर वर्गात फारसा बोलायचा नाही. तबल्यावर 'ना' वाजवला की शिखरं जवळजवळ सारख्या अंतरावर येतात, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्णांकात. हलगीची शिखरं अशी शिस्तीत येत नाहीत, अंतरं वेडीवाकडी. दोन्ही चामडीच, मग फरक कशाचा? तर तबल्याच्या मधल्या शाईचा. शाईच्या वजनामुळे पडद्याच्या कंपनांची जुळणी बदलते आणि ती सुरात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये हेच लिहिलं होतं, साध्या पडद्याचे अधिस्वर, म्हणजे मूळ सुराच्या वरचे सूर, बेसूर असतात आणि आपल्या मृदंग-तबल्याचे सुरात असतात हे त्यांनी दाखवलं होतं. साध्या ताणलेल्या गोल पडद्याचं गणित बीएस्सीच्या पुस्तकांत भेटतं, पहिल्या फ्रीक्वेन्सीच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा पुढच्या फ्रीक्वेन्सी येतात, ते आकडे मी वर्षानुवर्षं सांगत होते पण ऐकवले कधीच नव्हते.

मग तो हलगीवाला पोरगा म्हणाला, मॅडम, पण हलगी तापवल्यावर आवाज वर जातो. मी म्हटलं दाखव. लॅबच्या मागे पालापाचोळा पेटवून त्याने हलगी शेकली, आधीचा आणि नंतरचा स्पेक्ट्रम घेतला, शिखरं उजवीकडे सरकली. का सरकली, तर ऊब लागली की चामड्यातला ओलावा जातो, ताण वाढतो, ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे फ्रीक्वेन्सी वाढते. हे सूत्र वर्गात पाठ सगळ्यांना होतं. जाळ विझल्यावर त्याने दर दोन मिनिटांनी रीडिंग घेतलं, किती वेळात आवाज उतरतो त्याचा ग्राफ काढला, आणि तो आमच्या प्रोजेक्टचा विषय झाला. त्याच्या घरी जे ज्ञान पिढ्यान्पिढ्या होतं ते त्या दिवशी फिजिक्स म्हणून फळ्यावर आलं. मला एवढा आनंद इतक्या वर्षांच्या नोकरीत क्वचित झालाय.

दुसऱ्या पर्यायांशी तुलना विचाराल तर, सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स मी पण वापरते आणि ज्या प्रयोगाला महागडं उपकरण लागतं तिथे त्याला तोड नाही, पण तिथे रीडिंग प्रोग्रॅममधून येतं, इथे खऱ्या जगातून येतं आणि खरं जग चुका करतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरमध्ये तयार झालेलं एक्सपआइज हे कॉम्प्युटरला जोडून प्रयोग करायचं किट पण फार छान आहे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी तर फोनपेक्षा कितीतरी सरस, पण ते विकत घ्यावं लागतं आणि मग परत ती परचेस कमिटी. फायफॉक्सने सुरुवात करा, पोरांनी काय केलं ते दाखवा, मग किटची मागणी करा, आमच्याकडे असंच झालं, तेव्हा कुणी अडवलं नाही. ब्लूटूथने बाहेरचे सेन्सर पण जोडता येतात, चार-पाचशे रुपयांच्या ईएसपी ३२ नावाच्या छोट्या सर्किट बोर्डावर तापमानाचा सेन्सर लावून आम्ही न्यूटनचा शीतकरण नियम ॲपवर बघितला. त्यांच्या वेबसाइटवर स्वतःचा प्रयोग तयार करायचं एडिटर आहे, बनवला की क्यूआर कोड मिळतो, पोरांनी स्कॅन केला की तो प्रयोग त्यांच्या फोनवर. हे शिकायला मला दोन रविवार लागले.

जिथे अडलं ते पण लिहिते. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला हे प्रयोग चालत नाहीत, यादीत जे आहे तेच. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नलमधला हलगीचा ग्राफ बघून विचारलं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे? पोरगा बिचकला. त्यांचाही दोष नाही, त्यांच्या हातातल्या कागदावर ते नव्हतं. म्हणून मी यादीतला प्रयोग कधी काढला नाही, तो पूर्ण करून घेते आणि फायफॉक्सचा भाग अंतर्गत मूल्यमापनात घेते, तिथे आपल्याला थोडी मोकळीक असते. शक्य असेल तर दोन्ही पद्धतींनी तीच राशी काढायला लावा, रेझोनन्स ट्यूबने आणि टाळीने, आणि कुठल्या पद्धतीवर जास्त विश्वास ठेवशील हे लिहायला सांगा. तोंडीला पोरं यावर इतकं छान बोलतात.

आणि आपल्या पदरात काय पडतं हे पण लोक विचारतात, त्यात लाजायचं काही नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतल्या, भरती-बढतीसाठीच्या गुणांच्या तक्त्यात नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित केल्याचे ५ गुण आहेत आणि विज्ञानातल्या एका शोधनिबंधाचे ८. दोन वर्षं बॅचमागे बॅच घासून एखादी गोष्ट बसवायची आणि त्याचे ५, हे मला पटत नाही, आणि तरुण शिक्षक पेपरच्या मागे का धावतात ते यातून कळतं. २०२५ च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा आला होता त्यात नावीन्यपूर्ण अध्यापनाला स्वतंत्र जागा दिली होती ते वाचून बरं वाटलं होतं. कॉलेज पातळीवर मात्र आत्ताच काही करता येईल, आठवड्यातला एक तास टाइमटेबलमध्ये तयारीसाठी लिहून द्या, खरोखर लिहून. आमच्या सरांनी माझा शुक्रवारचा शेवटचा तास असा मोकळा ठेवलाय, त्या तासाला मी पुढच्या आठवड्याचा प्रयोग आधी स्वतः बिघडवून बघते.

सुरू करणार असाल तर पहिला आठवडा टाळीचाच प्रयोग घ्या, फक्त दोन फोन लागतात आणि माइक सगळ्या फोनला असतो. सुरुवातीला थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ सुरू व्हावं ती पातळी, वाढवा नाहीतर वर्गातल्या कुजबुजीनेच घड्याळ सुरू होतं, मिनिमम डिले थोडा जास्त ठेवा म्हणजे प्रतिध्वनीने बंद होणार नाही, एका वेळी एकच ग्रुप व्हरांड्यात पाठवा आणि टाळी फोनच्या अगदी जवळ वाजवायला सांगा. टाळी वाजवायच्या आधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा, पेनाने, खोडायचा नाही. कुणाला काही अडलं तर खाली विचारा, मी संध्याकाळी सातनंतर बघते.